सोलापूरचा दगड, गोव्याचं कुत्रं

सोलापूरचा माणूस समुद्रावर लाटा बघायला जातो, असा एक गैरसमज आहे. तो जातो झोपायला. जुळे सोलापूर असो की साखर पेठ, रात्री साडेअकराला गल्लीच्या एका टोकाचं कुत्रं एक मुद्दा उपस्थित करतं आणि पहाटे चारपर्यंत दुसऱ्या टोकाची मंडळी त्यावर आपली मतं मांडत राहतात. मधल्या घरात कानावर उशी दाबून पडलेला गृहस्थ वर्षभर एकच स्वप्न बघतो: खोली समुद्रासमोरची, आवाज फक्त पाण्याचा, आणि खाली कुणी कुणावर भुंकत नाही.

पूर्वी या स्वप्नाकडे जाण्याची वाट म्हणजे रत्नागिरी-नागपूर महामार्ग. सांगोला, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाट उतरायचा. घाटात गाडी थांबवली की पहिला जकातनाका माकडांचा. पोरांच्या हातातले वेफर्स जमा केल्याशिवाय पुढचं वळण दिसत नसे. एवढं करून गणपतीपुळ्याला पोचावं, तर वाळूत उंट उभा. "उंट हितं कशाला आलाय?" असं आजी विचारायच्या. उंटालाही ते कुणी सांगितलेलं नसावं.

आता तेवढाही त्रास उरला नाही. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली गेली, होटगी रस्त्यावरच्या विमानतळाची वाट मोकळी झाली आणि ९ जून २०२५ पासून सोलापूरहून थेट गोव्याला विमान उडू लागलं. ज्या गावात अथांग पाणी म्हणजे उजनीचं बॅकवॉटर आणि चौपाटी म्हणजे सिद्धेश्वर तलावाचा कट्टा, तिथला माणूस कडक भाकरी, शेंगाचटणी आणि घडी घातलेली चादर घेऊन तासा-सव्वातासात मोपाच्या विमानतळावर उतरू लागला. तिथून टॅक्सी करून मोरजी गाठायची, खोलीत बॅगा टाकायच्या आणि तडक वाळूवर. समोर समुद्र. समुद्रासमोर शॅक. शॅकसमोर, तासाचे पैसे भरून घेतलेला सनबेड.

सनबेडवर कुत्रं.

साधं बसलेलं नव्हे. उताणं. चारही पाय वर, जीभ एका बाजूला, आणि चेहऱ्यावर वर्षभराची बुकिंग असल्याचा भाव.

इथून पुढे जे घडतं ते समजायला सोलापूरकराचं प्राणिज्ञान आधी तपासलं पाहिजे. (लेखकही त्याच गावचा, पण मजकूर तृतीयपुरुषी ठरल्यामुळे तो यातून थोडक्यात सुटला आहे.) सोलापूरचा सर्वांत प्रतिष्ठित प्राणी म्हणजे माळढोक. त्याच्यासाठी नान्नजला १९७९ साली अभयारण्य झालं. ते आधी ८,४९६ चौरस किलोमीटरचं होतं, पुढे १,२२२ वर आलं. सर्वसामान्य सोलापूरकराला दोन्ही मापांत पक्षी दिसला नाही. त्यामुळे प्राणी म्हणजे ज्याचा फलक दिसतो आणि तो स्वतः दिसत नाही, अशी त्याची सभ्य समजूत. दुसरं शिक्षण गड्ड्याच्या यात्रेतल्या जनावरांच्या बाजारात. तिथे खिलार बैलाचे दात बघणाऱ्या शेतकऱ्यामागे उभं राहून मान हलवली, की शहरातल्या माणसालाही आपण बैलांतले जाणकार आहोत असं वाटू लागतं.

पण खरी पदवी कुत्र्यांत. सोलापूरचं कुत्रं हे बहुभाषिक. पूर्व भागातल्या विणकरांच्या वस्तीत ते तेलुगूत हाकललं तर जातं, पलीकडे कन्नडमध्ये, आणि बाकी शहरात "हाड बे!" एवढ्यावर काम भागतं. त्यातूनही एखादं अडून बसलं, तर अखेरचं शस्त्र म्हणजे वाकणं. इथे लक्षात घ्यावं, दगड मारणं नव्हे, नुसतं वाकणं. माणूस कमरेत वाकला, हात जमिनीकडे गेला, की कुत्रं तीस फूट लांब. हातात दगड आला की नाही हे बघायला ते थांबत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचा हा करार आहे आणि दोन्ही बाजूंनी तो पाळला जातो. मणक्याचा पट्टा लावलेले निवृत्त मास्तरही तो वापरतात. अर्धं वाकलं तरी चालतं.

तर अशाच एका सोलापूरकर कुटुंबातले बाबा सनबेडपाशी गेले आणि म्हणाले, "हाड बे!"

कुत्र्याने एक डोळा उघडला, आवाजाचा उगम पाहिला, डोळा मिटला.

बाबा वाकले.

मोरजीच्या वाळूत दगड नाही. ही गोष्ट बाबांना कळायच्या आधी कुत्र्याला माहीत होती. माणूस वाकला म्हणजे तो वाळूतून चेंडू, काठी किंवा नारळाची करवंटी उचलणार आणि लांब फेकणार, असं त्याचं शिक्षण. ते टुणकन उठलं, पुढचे पाय ताणून, मागचा भाग उंच करून, शेपूट गरगर फिरवत खेळायला तयार झालं. बाबा आणखी वाकले. शेजारच्या शॅकमधून आणखी दोन आली.

"अहो, हाकला की त्याला!" आई लांबून.

"हाकलायलोय की! ते खेळायलंय!"

शेवटी हाताला एक शिंपला लागला. बाबांनी तो सगळा संताप एकवटून भिरकावला. तिन्ही कुत्री धावली. त्यातल्या थोरल्याने तो आणून बाबांच्या पायाशी ठेवला आणि ते पुढच्या फेकीची वाट बघत उभं राहिलं. मारलेली वस्तू परत आणून देणारं कुत्रं सोलापूरच्या इतिहासात झालेलं नाही. बाबांनी पाठ वळवली तेव्हा पोरगा व्हिडिओ काढत होता.

एवढ्यात मोरजीत महिनोन्‌महिने मुक्काम करणाऱ्या रशियनांपैकी एक बाई आल्या, कुत्र्याला रशियन भाषेत हळूच दोन शब्द बोलल्या, आणि ते मान खाली घालून त्यांच्यामागे चालू लागलं. "बघा," आई म्हणाली, "त्यांचं ऐकतं." बाबांनी उरलेल्या दुपारी ते दोन शब्द मनाशी घोकले. संध्याकाळी एका कुत्र्यासमोर उच्चारले. ते तर आलंच, वर शेजारच्या टेबलावरचे एक रशियन गृहस्थही वळून बघू लागले.

शॅकच्या मालकीणबाईंकडे तक्रार गेली. त्यांनी कुत्र्याकडे मायेने पाहिलं. "कांय करचो ना तो." कुत्र्यांच्या मालकांचं हे वाक्य जगात सगळीकडे एकच आहे, भाषा तेवढी बदलते. बाबांचं म्हणणं वेगळं नव्हतं. ते काहीच करत नाही, साधं उठतही नाही, हीच तर तक्रार होती.

"पण हे तुमचं आहे की मोकाट?"

"जेवायला आमचं. झोपायला तुमचं."

मग त्यांनी कुत्र्याच्या कानाकडे बोट दाखवलं. कानाचा एक तुकडा व्यवस्थित कापलेला. बाबांनी आतापर्यंत तो मारामारीचा पुरावा मानून दोन पावलांचं अंतर राखलं होतं. प्रत्यक्षात ते सरकारी प्रमाणपत्र निघालं: नसबंदी झालेली, लस टोचलेली. नियमच असा आहे, २००१ चा आणि नंतर २०२३ चाही, की भटकं कुत्रं पकडायचं, शस्त्रक्रिया करायची, लस द्यायची आणि जिथून उचललं तिथेच आणून सोडायचं. म्हणजे मोरजीचं कुत्रं मोरजीला आणि त्यातही शक्यतो याच शॅकसमोर. बाबांच्या सनबेडवर त्याचा हक्क असा कायदेशीर मार्गाने आलेला होता.

गोव्याने या बाबतीत काम मात्र चोख केलंय. ब्रिटिश पशुवैद्य ल्यूक गँबल यांनी २०१३ साली सुरू केलेल्या 'मिशन रेबीज'ची पथकं राज्य सरकारच्या सोबतीने लांब दांड्याच्या जाळ्या घेऊन वाड्यावाड्यांतून फिरली, कुत्री धरून टोचत गेली, प्रत्येकाची नोंद मोबाइलवर करत गेली, शाळांतून मुलांना कुत्र्याशी कसं वागायचं ते शिकवत गेली. २०२१ मध्ये गोवा हे रेबीज नियंत्रणात आणणारं देशातलं पहिलं राज्य म्हणून जाहीर झालं. पोरग्याने ही सगळी माहिती सनबेडशेजारी उभं राहून फोनवरून मोठ्याने वाचली. २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे देशात दीड कोटीच्या वर भटकी कुत्री आहेत, हेही सांगितलं.

"त्यातलं एक उठव आधी," बाबा म्हणाले.

शेवटी घरच्या चादरीचा आधार घ्यायचं ठरलं. सोलापुरी चादर म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली वस्तू. तिच्या जोडीचा टेरी टॉवेलही मानांकनवाला. आईने दोन्ही वाळूवर अंथरले, कोपरे चपलांनी दाबले आणि सगळे पाय ओले करायला पाण्याकडे गेले. परत येईपर्यंत चादरीवर तीन आणि टॉवेलवर एक. आल्यागेल्या पर्यटकांच्या असंख्य पातळ टॉवेलांवर ज्यांची उमर गेली, त्यांना पहिल्यांदाच अस्सल सूत मिळालं होतं. त्यातलं एक पंजाने पोत तपासत होतं.

"माझ्या लग्नातली चादर हाय ती!" आई ओरडली.

चादर ओढली, की कुत्री उठत. झटकली, की वाळू आईच्या डोळ्यांत. पुन्हा अंथरली, की कुत्री आधी.

आजी मात्र खुशीत होत्या, कारण त्यांना गाय सापडली. गोव्याच्या वाळूत गायी निवांत बसलेल्या असतात, थेट पाण्याच्या कडेला. वारा भरपूर, माशा कमी, आणि उठवणारं कुणी नाही. विदेशी पाहुणे त्यांच्यासोबत फोटो काढतात, आजींनी नमस्कार केला. बाबांना गड्ड्याचा बाजार आठवला आणि त्यांनी मागे हात बांधून गायीला एक फेरी मारली. "अंगानं बारकी हाय. खिलार न्हवं." शेजारून जाणाऱ्या एका गोवेकराने सांगितलं, की गोव्याची स्वतःची नोंदणीकृत जात आहे, श्वेतकपिला, पांढरी, ठेंगणी, इथल्या पावसात टिकणारी. बाबांनी हे आपल्याला आधीच माहीत असल्याची मान हलवली.

आजींनी पिशवीतून कडक भाकरी काढली. भाकरीचा तो 'कडाम्' आवाज किनाऱ्यावर बऱ्याच लांब गेला असावा, कारण चौथ्या घासाला गायी पाच झाल्या. मग त्या भाकरीवर थांबल्या नाहीत. एकीने सकाळीच विकत घेतलेली गवताची हॅट कडेकडेने संपवली. दुसरीने शेंगाचटणीची पुडी कागदासकट तोंडात घेतली, क्षणभर क्षितिजाकडे पाहिलं, आणि सावकाश उठून अशी काही चालू लागली की सोलापूरच्या तिखटाचा दबदबा परराज्यात सिद्ध झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच गाय हॉटेलच्या फाटकाशी हजर. "कोण पाहिजे?" असं वॉचमनने विचारायच्या आत आजी बाहेर आल्या.

प्राण्यांपेक्षा खरी गंमत माणसांची. किनाऱ्यावर पहिला पंथ बिस्किटवाल्यांचा. हे कुत्रं दिसलं की पुडा फोडतात, नाव ठेवतात, सेल्फी काढतात. दुसरा पंथ भित्र्यांचा. हे कुत्रं दिसलं की बायकोला पुढे करतात. तिसरा व्याख्याते. ११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं आणि २२ तारखेला तो आदेश बदलून लस-नसबंदी झालेली कुत्री परत सोडायला सांगितलं; त्या अकरा दिवसांत या पंथाने कौटुंबिक व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन्ही बाजू तितक्याच तावातावाने मांडल्या. गंमत म्हणजे हे तिन्ही पंथ एकाच माणसात सुखाने नांदतात. दुपारी बिस्किटं घालणारा गृहस्थच रात्री अकराला रिसेप्शनला फोन करून विचारतो, "ही कुत्री रोज एवढी भुंकतात का हो?"

होय, भुंकतात. दिवसभर उताणी पडलेली मोरजीची मंडळी अंधार पडला की कामावर येतात. या शॅकपासून त्या माडापर्यंत एक टोळी, तिथून पुढे दुसरी. पहिली टोळी मुद्दा उपस्थित करते. उरलेलं बाबांना पाठ होतं. समुद्राचा आवाज त्यात मध्येच, परवानगी मागितल्यासारखा ऐकू येई. मे संपता संपता शॅक मोडून ठेवतात, तेव्हा पावसाळ्यात या टोळ्यांचं उष्टं-खरकटंही जातं आणि स्वभाव जरा कडक होतो, हे मालकीणबाईंनी धीर देण्यासाठी सांगितलं. "आता हंगामात बरी असतात."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वाळूत काठ्या रोवून दोरीने आखलेला एक चौकोन दिसला. बाजूला पहारेकरी. कुत्री त्या बाजूला फिरकत नव्हती. सोलापूरकराला दोरी आणि पहारेकरी एकत्र दिसले की मंत्री येणार असं वाटतं.

"आत कोण आहे?" बाबांनी आदबीने विचारलं.

"अंडी."

मोरजी हे ऑलिव्ह रिडले कासवांचं अंडी घालण्याचं ठिकाण, आणि कुत्र्यांना वाळू उकरून ती खाण्याची भारी हौस. कोकणात वेळासला चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने २००२ पासून घरटी राखायचं हेच काम गावकऱ्यांना सोबत घेऊन चालवलं. बाबांनी त्या दोरीच्या चौकोनाकडे बराच वेळ बघितलं. "एवढी जागा आपल्याला मिळंल का, तासाभरासाठी?" पहारेकऱ्याने उत्तर दिलं नाही.

शेवटचा प्रसंग मात्र पूर्णपणे मानवी हौसेचा. बाबा सोलापुरात सिद्धेश्वर तलावाला एक फेरी मारत नाहीत. पण सुट्टीवर गेलेल्या प्रत्येक मराठी माणसाला पहाटे साडेपाचला आरोग्य आठवतं. नवे बूट, नवी हाफ पँट, आणि वाळूवर धाव. पहिल्या टोळीने ओळख दाखवून त्यांना हद्दीपर्यंत पोचवलं आणि ती थांबली. दुसऱ्या टोळीला हा गृहस्थ अपरिचित. अंधारात, धापा टाकत, आपल्या हद्दीत पळत शिरणारा माणूस कुत्र्यांच्या कायद्यात निर्दोष नसतो. बाबांनी वेग वाढवला, जे करायचं नसतं. मग थांबून वाकले, ज्याचा उपयोग नसतो. वाकल्यामुळे पोटरी नेमकी सोयीच्या उंचीवर आली.

खोलीत एकच गदारोळ. आजींनी डब्यातून तिखट काढलं. "आधी ह्ये भर जखमेत, ईष उतरतंय!" आईने हळद पुढे केली. पोरगा मात्र फोनवर वाचत होता: तिखट नाही, हळद नाही, चुना नाही, नळाखाली धरून साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं आणि डॉक्टर गाठायचा. तोवर बातमी सोलापूरच्या ग्रुपवर पोचली होती आणि सगळ्या आत्या-मामांनी एकमुखाने कळवलं होतं: "पोटात चौदा इंजेक्शनं!" मेंढीच्या मेंदूपासून केली जाणारी ती जुनी लस देशात बंद होऊन वीसेक वर्षं झाली, पण नातेवाइकांच्या आठवणीत तिचा साठा अजून भरपूर आहे.

डॉक्टरांनी दंडावर पहिलं टोचलं आणि कागदावर तारखा लिहून दिल्या: शून्य, तीन, सात, चौदा, अठ्ठावीस. बाबांनी त्या परतीच्या तिकिटाशी ताडून बघितल्या. दोन गोव्यात, तीन सोलापुरात. सुट्टीतली एकमेव गोष्ट वेळापत्रकाप्रमाणे होणार होती.

सातव्या दिवशी सोलापुरात दवाखान्याच्या बाकावर रांग होती. सगळे एकाच कामाला आलेले, त्यामुळे बोलायला वेळ लागला नाही.

"कुठं चावलं?" शेजारच्या काकांनी विचारलं.

"पोटरीला."

"ते दिसायलंय की. गाव कुठलं, कुत्र्याचं?"

"गोवा. मोरजी."

बाक हलला. पलीकडचे दोघं वाकून पोटरी बघू लागले. एका बाईंनी आपल्या मुलाला पुढे ढकललं, "बघ, गोव्याचं हाय."

"इमानानं गेलता?"

"व्हय. येतानाबी."

काकांनी मनातल्या मनात हिशेब केला: माणशी तिकीट, हॉटेल, टॅक्सी. मग आपली पट्टी बांधलेली मांडी जरा झाकून घेत म्हणाले, "आमचं आपलं विजापूर वेशीतलं. दूध आणायला गेलतो."

कुणी काही बोललं नाही. तेवढ्यात आतून नाव पुकारलं गेलं. बाबा उठले, तसे काकांनी त्यांचा हात धरला आणि आवाज खाली आणून विचारलं, "हॉटेलचं नाव लिहून द्या की जरा. पोरांस्नी सुट्ट्या लागायल्यात."